घरी शिकणारे मूल, पालकांच्या अपेक्षा आणि रोजचा वाद

शाळेत जाणाऱ्या मुलाचे एखाद्या दिवशी शिक्षकांशी बिनसले, तर शाळा सुटते, मूल दप्तर पाठीला लावून घरी येते आणि आईपाशी गाऱ्हाणे सांगते. घरीच शिकणाऱ्या मुलाला ही सोय नसते. सकाळी अपूर्णांकांवरून जी आई रागावली, तीच दुपारी ताट वाढते. गाऱ्हाणे सांगायचे तरी कोणाला? आईची स्थितीही फारशी निराळी नसते. वर्गातला ताण वर्गातच ठेवून घरी परतण्याची मुभा शिक्षिकेला असते, तिला ती नसते. गृहशिक्षण अर्थात होमस्कूलिंग स्वीकारणाऱ्या कुटुंबांत पुस्तके, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांची चर्चा पुष्कळ होते. मुलाकडून नेमके काय अपेक्षित आहे आणि ते ठरवायचे कोणी, याची चर्चा क्वचित होते. आणि रोजच्या वादाचे मूळ बहुधा तेथेच सापडते.

कायद्याची बाजू आधी थोडक्यात पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे त्याच्या कलम १० मध्ये म्हटले आहे. परंतु ‘सक्तीचे शिक्षण’ या शब्दांची कलम ८ मधील व्याख्या शासनावरील बंधनाची आहे आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या पालकाला शिक्षेची तरतूद अधिनियमात नाही. गृहशिक्षणाचा उल्लेखच त्यात नाही. त्यामुळे या मार्गाला कायद्याची स्पष्ट मान्यता नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. ही संदिग्धता पालकांच्या मनावर नकळत दडपण आणते. ‘आपले काही चुकत तर नाही ना’ ही धास्ती मग मुलाच्या वहीवर उतरते.

शाळेचे वेळापत्रक घरात

सुरुवातीची पहिली चूक बहुतेक घरांत एकच असते. जेवणाच्या मेजाला बाक समजून सकाळी आठ ते दुपारी एक असे वेळापत्रक भिंतीवर लावले जाते. आठवडाभर उत्साह टिकतो, मग कुरकुर सुरू होते आणि महिना उलटण्यापूर्वी वेळापत्रक हेच भांडणाचे निमित्त ठरते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यानंतर पडद्यासमोर बसून जे शिक्षण घरोघरी झाले, त्याची आठवण अनेक पालकांच्या मनात ताजी आहे आणि गृहशिक्षण म्हणजे तेच असा समजही आहे. वस्तुतः ती शाळाच होती, फक्त इमारत बदललेली.

येथे एक हिशेब उपयोगी पडेल. त्याच अधिनियमाच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितले आहे. म्हणजे प्राथमिक वर्गांसाठी दिवसाला सरासरी चार तास. हे चार तासही प्राथमिक स्तरावर एका शिक्षकामागे तीस मुले असे प्रमाण धरून आहेत. तीस वह्या तपासून होईपर्यंत आणि मागे राहिलेल्यांना पुन्हा सांगून होईपर्यंत बाकीची मुले थांबून असतात. घरी एकाच मुलासमोर एक मोठे माणूस बसते तेव्हा हे थांबणे उरत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी दिवसाकाठी तास-दीड तास बैठा अभ्यास पुरेसा आहे. मात्र उरलेल्या दिवसात मोठ्याने वाचन, हाताने करायचे काम आणि घराबाहेर हिंडणे असले पाहिजे. पालकांनी स्वतःची अपेक्षा एवढी खाली आणली, तरी निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

ब्रिटिश शिक्षिका शार्लट मेसन यांनी हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. त्यांचे ‘होम एज्युकेशन’ हे पुस्तक १८८६ साली प्रसिद्ध झाले आणि घरी शिकणाऱ्या मुलांसाठी पुढे त्यांची संस्था टपालाने अभ्यासक्रम पाठवीत असे. लहान मुलांचे पाठ आखूड असावेत, पंधरा-वीस मिनिटांत संपावेत आणि तेवढा वेळ पूर्ण लक्ष असावे, असा त्यांचा आग्रह होता. पाठ लांबला की मूल रेंगाळायला शिकते, हे त्यामागचे कारण. सवयींबाबतही त्यांचे सांगणे व्यवहारी आहे: एका वेळी एकच सवय धरावी, ती अंगवळणी पडेपर्यंत दुसरी काढू नये. आपण नेमके उलटे करतो. सोमवारपासून लवकर उठणे, अक्षर सुधारणे, पाढे म्हणणे आणि मोबाइल न मागणे अशा चार प्रतिज्ञा एकदमच करवून घेतो.

न सांगितलेली अपेक्षा

‘नीट बस’, ‘मन लावून कर’, ‘लवकर आटप’ या आज्ञा रोज ऐकू येतात. त्या पाळल्या की नाही हे ठरवायचे माप पालकाच्या मनात असते. मुलाला ते दिसत नाही. ‘नाश्ता झाल्यावर गणिताची पाच उदाहरणे, वहीत, आणि मग उठायचे’ ही अपेक्षा मुलाला कळते, कारण ती कोठे संपते हे त्यात सांगितलेले आहे. शेवट माहीत असला की कंटाळवाणे कामही मूल पार पाडते.

याहून अधिक त्रासदायक असते ती सरकणारी अपेक्षा. आईचे मन स्वस्थ असेल त्या दिवशी शुद्धलेखनाच्या पाच ओळी पुरतात. शेजारच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाल्याची बातमी आली की त्याच पाच ओळींच्या दोन पाने होतात. मुलाने पाच उदाहरणे पटकन सोडवली, म्हणून बक्षिसादाखल आणखी पाच दिली जातात. पुढच्या वेळी मूल ती पाचच उदाहरणे तासभर पुरवून करते आणि आपण त्याला आळशी म्हणतो. ठरलेले काम लवकर संपले, तर उरलेला वेळ मुलाचा. हा नियम पाळणे पालकांना जड जाते, पण मुलाचा शब्दावर विश्वास बसतो तो त्यानेच.

ठरलेले लिहून ठेवावे आणि कागद दोघांना दिसेल असा लावावा. त्यावर तीनपेक्षा अधिक गोष्टी नसाव्यात. एखादे कुटुंब रोजचे गणित, रोजचे वाचन आणि घरातले एक काम एवढेच ठेवील. दुसरे कोणी गणिताऐवजी तबल्याचा रियाज ठेवील. महिन्यातून एकदा, शक्यतो रविवारी, पोट भरलेले असताना आणि कोणी रागावलेले नसताना तो कागद खाली काढून पुन्हा वाचावा. मधल्या काळात त्यात पालकांनी भर घालायची नाही आणि मुलाने काटछाट मागायची नाही. बदल हवा असेल, तर त्या दिवसापर्यंत थांबायचे. दिवसागणिक होणारी घासाघीस त्यामुळे महिन्यातल्या एका तासात गोळा होते.

कोणी काय ठरवायचे

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या तीन तऱ्हा वर्णिल्या. एका तऱ्हेत पालक हुकूम देतात आणि कारण सांगत नाहीत. दुसरीत मुलाच्या इच्छेपुढे अपेक्षाच सोडून देतात. तिसरीत अपेक्षा ठाम असतात, पण त्यांची कारणे सांगितली जातात आणि मुलाचे म्हणणे ऐकून घेतले जाते. गृहशिक्षणातील कुटुंबे पहिल्या आणि दुसऱ्या तऱ्हेत हेलकावे खातात, असे पुष्कळदा दिसते. शाळेच्या जाचातून मुलाला सोडवायचे म्हणून सगळे मोकळे सोडायचे. सहा महिन्यांनी पाढे येत नाहीत हे ध्यानात आले की एकदम कडक व्हायचे. या हेलकाव्याचा मुलाला होणारा त्रास सातत्याच्या कडक शिस्तीहूनही अधिक असतो.

तिसऱ्या तऱ्हेने जायचे, तर आधी वाटणी करावी लागते. काही बाबी पालकांच्याच असतात: झोपेची वेळ, पडद्यासमोरचा वेळ, अपशब्द व मारहाण न करणे, लिहिता-वाचता आणि हिशेब करता येणे. येथे मत विचारल्याचा आव आणू नये; ‘आज गणित करायचं का?’ असे विचारून ‘नको’ हे उत्तर आले की चिडणे ही पालकांनी केलेली फसवणूक आहे. काही बाबी मुलाच्या: कोणते पुस्तक वाचायचे, इतिहास आधी की विज्ञान, मेजावर बसून की ओसरीवर लोळून. उरलेल्या बाबी दोघांनी मिळून ठरवायच्या. मुलाचे वय वाढेल तशी वस्तू एकेका गठ्ठ्यातून पुढच्या गठ्ठ्यात सरकवावी. चौदाव्या वर्षीही आईच वही उघडून देत असेल, तर वाद अभ्यासावरून होत नसतो.

घरातल्या दुसऱ्या पालकाची भूमिका बहुधा अवघड करून ठेवलेली असते. दिवसभर आई शिकवते आणि रात्री बाबा तपासनीसासारखे विचारतात, ‘आज काय केलंस?’ मूल गप्प बसते, आई खुलासा देते आणि जेवणाच्या पाटावर नवा वाद सुरू होतो. याला उपाय आहे. दुसऱ्या पालकाने एखादा विषय संपूर्णपणे स्वतःकडे घ्यावा, मग तो आठवड्यातून दोनच दिवस का होईना. बाजारातील हिशेब, सायकलची दुरुस्ती, नकाशे, रात्रीचे आकाश यांपैकी काहीही चालेल. स्वतः शिकवणारा माणूस तपासणी करताना सौम्य होतो.

नकार आला तर

ठरवूनही मूल एखाद्या कामाला रोज नकार देते, तेव्हा काय करावे? अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञ रॉस ग्रीन यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द एक्स्प्लोझिव्ह चाइल्ड’ या पुस्तकात तीन वाटा सांगितल्या आहेत. पालकाने आपला निर्णय लादणे ही एक. ती अपेक्षा तूर्त बाजूला ठेवणे ही दुसरी. मुलाची अडचण आणि पालकाची काळजी समोरासमोर मांडून दोहोंना चालेल असा तोडगा शोधणे ही तिसरी. दुसरी वाट म्हणजे शरणागती नाही. दहा आघाड्यांवर एकाच वेळी लढता येत नाही म्हणून आठ आघाड्या जाणीवपूर्वक थांबवणे होय. तिसऱ्या वाटेची मुख्य अट अशी, की बोलणे भांडणाच्या भरात करायचे नाही. जो वाद रोज होतो तो उद्याही होणार हे माहीत असते. म्हणून त्याविषयी आदल्या संध्याकाळी, फिरायला गेलेले असताना बोलावे.

नऊ वर्षांचा मुलगा शुद्धलेखनाची वही काढली की उठून जातो, असे समजू.

“वही काढली की तू उठतोस, असं मला दिसतं. काय होतं रे?”

“माहीत नाही.”

“बरं, आठवून बघ. घाई नाही.”

“हात दुखतो. आणि एक शब्द चुकला की तू लगेच खोडायला लावतेस.”

“हं. हे मला ठाऊक नव्हतं. माझी काळजी सांगू? पुढं परीक्षेत तीन-तीन तास लिहावं लागेल, तेव्हा हाताला सवय नसेल तर तुझीच पंचाईत होईल. काय करूया?”

“आधी सगळं लिहून होऊ दे. मग सांग. आणि तीनच ओळी.”

तीन ओळी कमी वाटतील. परंतु न लिहिलेल्या दहा ओळींपेक्षा त्या जास्त आहेत. शिवाय आळसाचा वाटणारा प्रश्न हाताच्या थकव्याचा आणि मध्येच टोकण्याचा निघाला, हे कळले. अर्थात पहिल्याच दिवशी मूल इतके मोकळेपणी बोलेल असे नाही. ‘माहीत नाही’ या उत्तरावर तीन-चार वेळा थांबावे लागते. सातत्याने अक्षरे उलटसुलट होत असतील, वाचताना ओळ सुटत असेल, तर तोडगे शोधत बसण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत आणि अध्ययन अक्षमतेची शक्यता तज्ज्ञांकडून पडताळून घ्यावी. शाळेत अशी गोष्ट इतर मुलांशी तुलना होऊन लक्षात येते. घरी ती हट्ट समजली जाण्याचा धोका अधिक.

आमिषाचा मार्ग सोपा दिसतो. ‘दहा गणिते कर, मग अर्धा तास मोबाइल’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात बालवाडीतल्या, चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलेस तर बक्षीस’ असे आधी सांगण्यात आले. पुढे मोकळ्या वेळी तीच मुले, बक्षिसाविना चित्रे काढणाऱ्या मुलांपेक्षा, चित्रांकडे कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांच्या बाबतीत तसे घडले नाही. आवडीच्या कामाला भाव लावला की आवड ओसरते, असा याचा अर्थ काढला जातो. नावडत्या कामासाठी क्वचित आमिष चालून जाईल. पण वाचनाला, चित्रांना, गोष्टींना ते लावू नये.

गिजुभाईंचा पहिला दिवस

गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका (१८८५ ते १९३९) हे मुळात वकील. भावनगरला त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले आणि आपल्या ताराबाई मोडक तेथे त्यांच्यासोबत काम करून पुढे ते विचार मराठी मुलखात घेऊन आल्या. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला प्रयोगशील शिक्षक पहिल्या दिवशी चौथीच्या वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्गात असा गोंधळ माजतो की त्याला मुलांना सुट्टी द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी तो अपेक्षा गुंडाळून ठेवतो आणि गोष्ट सांगू लागतो. मुले जवळ सरकून बसतात. अभ्यास पुष्कळ पुढे येतो. शाळेतून नुकतेच काढलेल्या मुलाच्या बाबतीत हा क्रम विशेष मोलाचा आहे. पहिले काही आठवडे कसलाही धडा न घेता केवळ वाचून दाखवणे, गोष्टी, भटकंती यांत घालवावेत. तो काळ वाया गेला असे पालकांना वाटते खरे. परंतु शाळेत साठलेली भीती त्याच दिवसांत उतरते.

चवथ आणि ‘कितवीत आहेस?’

गोव्यात गृहशिक्षण करणाऱ्या पालकांची खरी परीक्षा चवथीला होते. मूळ घरी सगळे कुटुंब जमते आणि प्रत्येक काका-मामा मुलाला एकच प्रश्न विचारतो, ‘कितवीत आहेस?’ मूल आईकडे पाहते, आई बाबांकडे. मग कोणीतरी तेराचा पाढा म्हणायला लावतो. परतल्यावर पुढचे आठ दिवस घरात अभ्यासाची आणीबाणी असते आणि मुलाला कळत नाही की आपण नेमका कोणता गुन्हा केला. हा प्रसंग आधीच हाताळता येतो. विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचे हे निघण्यापूर्वीच मुलाशी ठरवावे: ‘मी घरी शिकतो, सध्या भूमिती चालू आहे.’ एवढे वाक्य पुरते. तोंडी परीक्षा सुरू झाली, तर ती थांबवणे हे पालकांचे काम.

त्याच घरात माटोळी बांधली जात असते, याकडे मात्र लक्ष जावे. रानातली फळे, कंद, फुले, वेली कोणत्या, त्या कोठे मिळतात, कोणत्या विषारी, त्यांची मराठी आणि कोंकणी नावे काय, हे आजोबांच्या मागे हिंडून मूल चार दिवसांत जितके शिकते, तितके वनस्पतिशास्त्राच्या धड्यातून शिकत नाही. अशा आठवड्यात भिंतीवरच्या कागदाला सुट्टी द्यावी. एरवीही पणजीत पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालय, मिरामारचे विज्ञान केंद्र, चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य अशी ठिकाणे आहेत. आठवड्यातला एक दिवस घराबाहेर काढला, तर आई आणि मूल एकमेकांच्या डोळ्यांसमोर सतत असण्याचा ताणही हलका होतो.

भाषेची अपेक्षा हा आपल्याकडचा आणखी एक कंगोरा. गोव्यात सरकारी प्राथमिक शिक्षण मराठी वा कोंकणीतून होते आणि पुढे माध्यम इंग्रजी होते. ती उडी डोळ्यांसमोर असल्याने सहाव्या वर्षापासूनच इंग्रजीचा धोशा सुरू होतो. घरी शिकणाऱ्या मुलाला घाई नसते. मराठी वाचन सहज होईपर्यंत इंग्रजी ऐकण्या-बोलण्यापुरते ठेवता येते.

परीक्षेचे वय

बारा-तेराव्या वर्षी वादाचे रूप बदलते. आता प्रश्न दहावीचा असतो आणि येथे बाहेरची एक चौकट पालकांच्या मदतीला येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ साली स्थापन झाली. तिच्या माध्यमिक परीक्षेसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, उत्तीर्ण होण्यास किमान पाच विषय लागतात, माध्यमांत मराठीही आहे. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या सुमारास होतात. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. विषय एकेक करूनही सोडवता येतात. नियम बदलत असल्याने अर्जापूर्वी चालू वर्षाची माहितीपुस्तिका पाहावी. कोणते विषय घ्यायचे, आधी कोणते द्यायचे, किती महिन्यांत, ही आखणी मुलाने करावी आणि पालकांनी ती तपासावी. उलट क्रमाने नको. एखादा विषय राहिला, तर तो पुढच्या फेरीत देता येतो, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असले की दहावीचा बाऊ बराच कमी होतो.

आणि एवढे करूनही काही घरांत वाद शमत नाही. सहा-आठ महिने रोज रडारड होत असेल, मूल आई-वडिलांशी अभ्यासाखेरीज इतर गोष्टीही बोलेनासे झाले असेल, किंवा मूल स्वतःच शाळा मागत असेल, तर शाळेचा विचार मोकळ्या मनाने करावा. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ४ नुसार सहा वर्षांवरील जे मूल शाळेत दाखल झालेले नाही किंवा ज्याचे शिक्षण अपुरे राहिले आहे, त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही असतो. वर्षाच्या मध्यात आले म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम १५ सांगते. ही तरतूद आठवीपर्यंतच्या शिक्षणाला लागू आहे. म्हणून निर्णय घ्यायचा असेल, तर मुलाची चौदा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी घ्यावा आणि मुलाचा जन्मदाखला व घरी केलेल्या अभ्यासाच्या वह्या जपून ठेवाव्यात.